छातीच्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी एमआरआय करायचा का?

वहिनीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री घणसोलीहून दादाचा फोन आला. आवाज पार बसलेला. सर्जन म्हणाले होते, गाठ लहान आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आधी छातीचा एमआरआय करून घ्या. आणि सोसायटीतल्या एकाने सांगितलं, एमआरआयच्या फंदात पडू नका, सरळ पेट स्कॅन करा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं कळतं. "तिघं तीन गोष्टी सांगतायत, मी कोणाचं ऐकू?" दादा विचारत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर मिळवायला मला बरेच दिवस लागले. आधी वहिनीबरोबर, मग ठाण्याला आमच्याच चाळीतल्या काकूंबरोबर, आणि नंतर ओळखीतून आलेल्या आणखी काही जणींबरोबर मी फाइल काखोटीला मारून ठाण्यापासून खारघर, परळपर्यंत फिरले. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, कुठला कागद पुढे करायचा आणि कुठे थांबायचं, हे आता मला नीट सांगता येतं. ज्या बाईच्या हातात 'कॅन्सर आहे, पण सुरुवातीची स्टेज आहे' असा रिपोर्ट पडलाय आणि ऑपरेशनची तारीख अजून पक्की व्हायचीय, तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवातीची स्टेज म्हणजे ढोबळमानाने पहिली आणि दुसरी. गाठ छातीत आहे, फार तर काखेतल्या एखाद-दोन गाठींपर्यंत पोचलीय, शरीरात दुसरीकडे गेल्याची चिन्हं नाहीत. अशा वेळी बहुतेक जणींसमोर दोन रस्ते असतात: फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन घ्यायचं, किंवा पूर्ण स्तन काढायचा. दोन्ही रस्त्यांनी गेलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या २० वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ सालीच जाहीर झालंय. हे आधी मनात पक्कं करून ठेवा. एमआरआयचा सगळा गोंधळ यानंतर सुरू होतो.

आधी फाइल पुरी करा

एमआरआयची चिठ्ठी हातात असली तरी आधी तीन गोष्टी फाइलमध्ये आहेत का बघा. दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी, फिल्म किंवा सीडीसकट. दोन्ही बाजूंची आणि काखेची सोनोग्राफी. आणि जाड सुईने तुकडा काढून केलेल्या बायोप्सीचा रिपोर्ट, ज्यात ईआर, पीआर आणि हर-टू (कॅन्सर हार्मोनवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढतो का ते सांगणाऱ्या) या तीन तपासण्यांचे निकाल असतात. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीवर थांबू नका. कॅन्सर कुठल्या जातीचा आहे आणि औषधं कुठली लागू पडतील, हे तुकड्याशिवाय नीट कळत नाही.

मॅमोग्राफी झालीच नसेल तर "एमआरआयमध्ये सगळं दिसेलच की" म्हणून ती टाळू नका. काही कॅन्सर मॅमोग्राफीत चुन्याच्या बारीक कणांसारखे दिसतात, आणि ते कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. एका तपासणीचं काम दुसरी करत नाही.

मग एक साधा तक्ता करा. मी वहिनीचा तक्ता जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे केला होता. डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली ३ सेंटिमीटरची. मॅमोग्राफीत नीट दिसलीच नाही, फक्त 'दाट स्तन' असा शेरा. सोनोग्राफीत १.४ सेंटिमीटर. बायोप्सीत 'इनव्हेजिव्ह लोब्युलर', ही कॅन्सरची एक जात, तिच्याबद्दल पुढे सांगते. चारच ओळी, पण सर्जननी तो कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे तिन्ही रिपोर्ट जुळत नाहीयेत. हिचा एमआरआय करायला हवा." तोपर्यंत तीन रिपोर्ट तीन पाकिटांत होते आणि कोणी ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

सर्जनना एकच प्रश्न विचारा

"एमआरआयमध्ये काही नवीन दिसलं, तर तुम्ही ऑपरेशन कसं बदलाल?"

हा प्रश्न नम्रपणे विचारा, पण उत्तर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. चांगला सर्जन नेमकं सांगतो: गाठ खरंच ३ सेंटिमीटरची निघाली तर आपण जास्त भाग काढू, किंवा आधी केमो देऊन गाठ लहान करू, त्याच बाजूला लांब दुसरी गाठ निघाली आणि तिची बायोप्सी पॉझिटिव्ह आली तर पूर्ण स्तन काढण्याचा विचार करावा लागेल. असं उत्तर मिळालं तर एमआरआयला अर्थ आहे. "करून घ्या, सगळेच करतात" असं उत्तर आलं तर थोडं थांबा.

उलटही असतं. पूर्ण स्तन काढायचा हे तुमचं तुम्ही आधीच शांतपणे ठरवलं असेल, तर त्या बाजूची नेमकी लांबी-रुंदी कळून फारसा फरक पडणार नाही. मग एमआरआय फक्त दुसऱ्या बाजूसाठी उरतो, आणि त्याबद्दल वेगळं बोलायला हवं.

कोणाला खरोखर उपयोग होतो

पहिल्या नंबरला लोब्युलर जातीचा कॅन्सर. नेहमीचा डक्टल कॅन्सर गोळा होऊन वाढतो, त्यामुळे हाताला लागतो आणि फोटोत दिसतो. लोब्युलरच्या पेशी एका रांगेत, शेवग्याच्या शेंगेतल्या बियांसारख्या, आजूबाजूच्या भागात शिरत जातात. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही त्याला कमी मापतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही, स्तन वाचवण्याचा विचार असेल आणि कॅन्सर लोब्युलर असेल तर एमआरआय द्यावा, असं स्पष्ट म्हटलंय. त्याच सूचनांत आणखी दोन कारणं आहेत: तपासणी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर, आणि स्तन इतके दाट असतील की मॅमोग्राफी वाचताच येत नाही, तर. वहिनीला ही तिन्ही कारणं लागू होती.

दाट म्हणजे किती, हे मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी अशा अक्षरांत लिहिलेलं असतं. सी आणि डी म्हणजे दाट. तरुण वयात दाट असणं अगदी नेहमीचं आहे, त्यात आजार काही नाही. पण मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी, म्हणून गाठ लपते.

याशिवाय: बीआरसीए जनुकात दोष (ज्यामुळे छातीच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो) असलेल्या बायका. काखेत कॅन्सरची गाठ सापडलीय, पण छातीत मूळ गाठ कशातच दिसत नाही, अशी वेळ. बोंडाला न भरणारी खपली किंवा जखम, बायोप्सीत पॅजेट्स (बोंडाच्या त्वचेतला कॅन्सर) आलंय, आणि मॅमोग्राफी मात्र स्वच्छ. आणि ऑपरेशनआधी केमो द्यायची असेल तर गाठ किती कमी झाली हे मोजायला सुरुवातीचा एमआरआय कामी येतो. या शेवटच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका: केमो सुरू होण्याआधी गाठीत खुणेची बारीक क्लिप टाकलीय ना, हे विचारा. केमोने गाठ पूर्ण विरघळली तर कुठे कापायचं हे त्या क्लिपवरूनच कळतं. क्लिप सहसा टायटॅनियमची असते, एमआरआयला अडत नाही.

आमच्या काकूंची गोष्ट अगदी वेगळी. वय ६६, मॅमोग्राफी एकदम स्पष्ट, गाठ मॅमोग्राफीत १.२ आणि सोनोग्राफीत १.१, डक्टल, काख स्वच्छ. त्यांच्या मुलाने हट्ट धरला, "पैशाचा प्रश्न नाही, सगळं करा." सर्जन बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, इथे एमआरआयने माझ्या हातात काही नवीन येणार नाही. काकूंचं ऑपरेशन एमआरआयशिवाय झालं, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कडेवर कॅन्सर नव्हता. मुलाला वाटत होतं की आईसाठी काहीतरी करायचं राहिलं. तसं काहीच राहिलं नव्हतं.

मोठ्या अभ्यासांत काय दिसलं

कोणालाही वाटेल की जास्त बारीक दिसलं तर ऑपरेशन जास्त नेमकं होणारच. म्हणून ब्रिटनमध्ये १,६२३ बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांबरोबर एमआरआय, निम्म्यांना एमआरआयशिवाय. २०१० साली निकाल छापून आला: परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत १९ टक्क्यांच्या आसपासच. एमआरआयने ते कमी झालं नाही. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, हाताला न लागणाऱ्या गाठींच्या बाबतीत, एमआरआय केलेल्यांमध्ये परत कापावं लागण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. स्वीडनमध्ये ५६ वर्षांखालच्या ४४० जणींवरच्या चाचणीत मात्र ते घटलं. म्हणजे निकाल एका दिशेचे नाहीत. वय, दाटपणा आणि कॅन्सरची जात यांवर बरंच अवलंबून आहे.

आणि आजार त्याच जागी परत येण्याचं काय? २०१४ साली तीन हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. आठ वर्षांनंतर त्याच जागी आजार न परतलेल्या बायका एमआरआय गटात ९७ टक्के, बाकीच्यांत ९५ टक्के, आणि हा फरक ठाम म्हणता येईल एवढा नव्हता. कारण ऑपरेशननंतरचं रेडिएशन आणि औषधं न दिसलेले बारीक अंशही बऱ्याच प्रमाणात संपवतात.

याची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात १६ टक्के बायकांच्या एमआरआयमध्ये आधी न कळलेला आणखी कॅन्सर सापडला. पण एमआरआयने 'इथेही काहीतरी आहे' म्हटलेल्या दर तीन जागांपैकी साधारण एक जागा तपासाअंती साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, निघत होती. आणि नुसत्या त्या डागाच्या भीतीने, गरज नसताना पूर्ण स्तन काढून घेतलेल्या बायकाही त्या आढाव्यात होत्या. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून बसले होते.

एमआरआयने इतकं दिसूनही ऑपरेशनला तेवढी मदत का होत नाही, हे मला एका रेडिओलॉजिस्ट ताईंनी टेबलावरचा ओला रुमाल उचलून समजावलं. एमआरआयला बाई पालथी झोपते, स्तन खाली लोंबतो. त्यांनी रुमाल चिमटीत धरून लोंबवला. ऑपरेशनला बाई उताणी झोपते, स्तन पसरतो. त्यांनी रुमाल टेबलावर टाकला. "आता सांगा, मघाशी खालच्या टोकाला असलेला ठिपका आता कुठे गेला?" तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय: एमआरआयमध्ये दिसलेली जागा सोनोग्राफीत किंवा मॅमोग्राफीत परत सापडवून, गरज पडली तर तिथे तार घालून खूण केली, तरच सर्जनला ती उपयोगी पडते.

पेट स्कॅनचं काय

दादाच्या सोसायटीतल्या त्या सल्ल्याचं उत्तर इथेच देते. पेट स्कॅन शरीरात इतरत्र आजार गेलाय का ते शोधतो. पहिल्या-दुसऱ्या स्टेजला, काही त्रास नसताना, तो सरसकट करायचा नसतो. छातीतली गाठ मापण्यासाठी तर तो एमआरआयच्या जागी चालतच नाही. हाडं दुखतात, खोकला जात नाही, यकृताच्या तपासण्या बिघडल्यात असं काही असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतील.

सेंटर निवडताना

इथे आमची एक चूक झाली, ती तुमची होऊ नये. घाईत दादाने जवळच्या एका सेंटरवर नंबर लावला. तिथे एमआरआय मशीन होतं, पण छातीसाठी वेगळं कॉइल, म्हणजे स्तन ज्यात सोडून झोपतात ते फोटो टिपणारं उपकरण, नव्हतं. फोटो निघाले, रिपोर्टही आला, आणि सर्जननी ते पाहून एका मिनिटात बाजूला ठेवले. परत पैसे, परत इंजेक्शन, परत ती धाकधूक.

म्हणून फोनवरच विचारा: "तुमच्याकडे ब्रेस्ट कॉइल आहे का? पेशंटला पालथं झोपवून, कॉन्ट्रास्ट देऊन करता का?" या दोन्हींना 'हो' आलं तरच पुढे जा. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून सोडतात ते, डाग उजळवणारं औषध; त्याशिवाय केलेला छातीचा एमआरआय कॅन्सर शोधायला जवळजवळ निरुपयोगी असतो. मशीन १.५ टेस्ला असो की ३ टेस्ला (ही चुंबकाची ताकद), दोन्ही चालतात; त्यावरून जास्त पैसे देण्याचं कारण नाही. त्यापेक्षा रिपोर्ट कोण वाचणार हे महत्त्वाचं. रोज छातीचेच फोटो वाचणारे रेडिओलॉजिस्ट असतील तर उत्तम.

तिसरा प्रश्न: एमआरआयमध्ये नवीन काही निघालं आणि ते सोनोग्राफीत दिसलं नाही, तर एमआरआयखाली बायोप्सी करण्याची सोय आहे का? ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. तुमच्या सेंटरवर नसेल तर कुठे पाठवणार, हे आधीच ठरवून घ्या. डाग सापडला आणि तपासायला जागाच नाही, अशी अवस्था बाईला फार घाबरवते.

खर्चाचे आकडे सेंटरगणिक वेगळे असतात, त्यामुळे मी इथे रक्कम लिहीत नाही. विचारताना कॉन्ट्रास्ट, क्रिएटिनिनची (किडनीची) रक्ततपासणी आणि सीडी धरून किती, असं विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, तपासणी करण्याच्या आधी, एमआरआय पॅकेजमध्ये येतो का ते विचारा. आधी खिशातून भरून मग योजनेत बसवायला गेलं की दमछाक होते. मेडिक्लेम असेल तर बऱ्याच पॉलिसींमध्ये भरती होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्या धरतात. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि रिपोर्ट तिन्ही मूळ प्रती जपून ठेवा.

दुसरं मत हवं असेल तर नवी मुंबईकरांसाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हॉस्पिटल टाटा मेमोरियल सेंटरचंच आहे. ठाण्याहून पनवेलची ट्रान्सहार्बर लोकल थेट खारघरला जाते, घणसोली-नेरुळ वाटेतच लागतात. परळच्या टाटाला ठाण्याहून जायचं तर स्लो लोकलने परळ स्टेशन. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो. हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा आणि संकोच करू नका. कुठेही जा, पण आधीच्या बायोप्सीच्या स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ठोकळे लॅबमधून मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात ते परत तपासतात, आणि ठोकळे नसले तर एक फेरी फुकट जाते.

तारीख आणि तयारी

पाळी चालू असेल तर पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १४ दिवसांच्या मधली तारीख सगळ्यात चांगली. इतर दिवसांत हार्मोन्समुळे साधा भागही कॉन्ट्रास्ट ओढून उजळतो आणि खोटे डाग वाढतात. पण कॅन्सर पक्का झाला असेल आणि त्या तारखेसाठी तीन आठवडे थांबावं लागत असेल, तर रेडिओलॉजिस्टना विचारून आधी करून घ्या आणि फॉर्मवर पाळीची तारीख ठळक लिहा. बायोप्सी कुठल्या तारखेला, कुठल्या जागी झाली तेही लिहा; तिथे साकळलेलं रक्त फोटोत दिसतं.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बहुतेक ठिकाणी मागतात, कारण कॉन्ट्रास्ट किडनीवाटे बाहेर जातं. किडनीचा आजार असेल तर नंबर लावतानाच सांगा. हे गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट असतं, सीटी स्कॅनचं आयोडीनवालं नव्हे. सीटीच्या वेळी अ‍ॅलर्जी झाली होती म्हणून हे चालणार नाही असं नाही, पण ती अ‍ॅलर्जी सांगायची मात्र नक्की. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी चाचणी करा. गरोदरपणात हे कॉन्ट्रास्ट देत नाहीत. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर यंत्र, मेंदूतली क्लिप, जुन्या ऑपरेशनमधली कुठलीही धातूची वस्तू, सगळं सांगा. तांबी बसवलेली असेल तर सहसा अडचण येत नाही, तरी फॉर्मवर लिहा. मधुमेह असेल आणि उपाशी यायला सांगितलं असेल तर औषध-इन्सुलिनचं काय करायचं हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आता दागिने. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, कानातले, बांगड्या, केसातल्या पिना, सगळं काढावं लागतं. नाकात घट्ट झालेली चमकी आणि बोटात रुतलेली जोडवी तिथे काढायला गेलं की बायका रडकुंडीला येतात. घरीच आदल्या दिवशी साबण-तेल लावून काढा. मंगळसूत्राबद्दल मुद्दाम लिहितेय. वहिनीच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, दारातच म्हणाली, "आजच्या दिवशी गळा मोकळा नको." वहिनीचे डोळे भरले. मग आईनेच काळ्या दोऱ्यात हळकुंडाचा तुकडा ओवून तिच्या गळ्यात बांधला. तंत्रज्ञ ताईंनी तो पाहिला, धातू नाही याची खात्री केली आणि हसून म्हणाल्या, "हे राहू दे." तुमच्या घरीही हा प्रश्न येणारच असेल तर आधीच सोडवून निघा. जरीची साडी किंवा धातूचे हूक असलेले कपडे नकोत. तसेही तिथे पुढून उघडा गाऊन देतात.

मशीनमध्ये

पलंगावर दोन खोलगट जागा असतात, त्यांत दोन्ही स्तन सोडून पालथं झोपायचं. कपाळ टेकायला उशी, हात डोक्याच्या दिशेने किंवा बाजूला. हाताला सलाइनची सुई लावलेली असते. मशीन दणदण आवाज करतं, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन देतात. एकूण वीस मिनिटं ते पाऊण तास. मध्येच पंपाने कॉन्ट्रास्ट सोडतात, तेव्हा दंडात गार काहीतरी चढत गेल्यासारखं वाटतं, कधी तोंडाला धातूची चव येते, क्षणभर मळमळतं. ते जातं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉन्ट्रास्ट गेल्यावर हलायचं नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो एकमेकांतून वजा करून डाग शोधतात. थोडं जरी हललं तरी वजाबाकी बिघडते. म्हणून सुरुवातीलाच छाती, बरगड्या, मान नीट टेकलीय का ते बघा आणि काही रुतत असेल तर लाजू नका, सांगा. बरगडीखाली एक घडी घातलेला टॉवेल मागितला की बराच फरक पडतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी सांगा. पालथं असल्याने वरचं छत दिसत नाही, त्यामुळे पुष्कळ जणींना इतर एमआरआयपेक्षा हे सोपं जातं. हातात एक रबरी फुगा देतात. तो दाबला की ते थांबवतात. क्ष-किरण यात मुळीच नसतात.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला तर तो एकटीने वाचू नका. त्यात बायरॅड्स ६ (बायरॅड्स म्हणजे कॅन्सरची शक्यता किती हे सांगणारा रेडिओलॉजिस्टचा क्रमांक) लिहिलेलं दिसलं की घरच्यांचे पाय गळतात. ६ म्हणजे 'बायोप्सीने कॅन्सर आधीच सिद्ध झालेला', इतकंच. आजार वाढलाय असा त्याचा अर्थ नाही. नवीन सापडलेल्या जागेपुढे ४ किंवा ५ असेल तर तिची बायोप्सी लागते. ३ म्हणजे बहुधा साधी, पण कॅन्सर शेजारी असताना डॉक्टर तिच्याकडेही नीट बघतात.

'मास' म्हणजे गोळा, 'नॉन-मास' म्हणजे गोळा न होता पसरट उजळलेला भाग, 'फोकस' म्हणजे अगदी बारीक ठिपका. 'मल्टिफोकल' म्हणजे स्तनाच्या एकाच भागात एकाहून जास्त गाठी. 'मल्टिसेंट्रिक' म्हणजे वेगवेगळ्या भागांत. या दोन शब्दांतल्या फरकावर ऑपरेशन बरंचसं ठरतं, म्हणून ते सर्जनबरोबर बसून वाचा. 'वॉशआउट' म्हणजे कॉन्ट्रास्ट पटकन आत शिरून पटकन बाहेर पडलं. कॅन्सरमध्ये असं होतं, पण काही साध्या गाठींतही होतं. छातीच्या स्नायूला किंवा त्वचेला गाठ चिकटलीय का आणि काखेतल्या गाठी कशा आहेत, या दोन ओळी शोधून खूण करा.

एमआरआयमधलं माप अंतिम धरू नका. ते कधी खऱ्यापेक्षा जास्त येतं, कधी कमी.

नवा डाग निघाला तर

इथे मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगतेय. एमआरआयमध्ये नवीन डाग दिसला, म्हणून तेवढ्यावर पूर्ण स्तन काढायला हो म्हणू नका. आधी त्या डागाची बायोप्सी. अगदी सुरुवात करायची ती त्याच जागेवर पुन्हा बारकाईने सोनोग्राफी करून. कुठे बघायचं हे आता माहीत असल्याने बऱ्याचदा तो सापडतो आणि सोनोग्राफीखालीच तुकडा काढता येतो. नाही सापडला तर एमआरआयखाली.

वहिनीच्या एमआरआयमध्ये मूळ गाठ २.८ सेंटिमीटरची निघाली, म्हणजे डॉक्टरांच्या हाताने सांगितलेलंच खरं ठरलं. पण त्याच बाजूला, वरच्या भागात, ८ मिलिमीटरचा आणखी एक डाग होता. एका ठिकाणी आम्हाला लगेच सांगण्यात आलं, "मग आता सगळंच काढून टाकू, डोक्याला ताप नको." वहिनी हो म्हणायला निघाली होती, केवळ दमून. दादाने त्या दिवशी प्रथमच ठामपणे विचारलं, "त्या दुसऱ्या डागाची बायोप्सी झालीय का?" झाली नव्हती. दुसऱ्या ठिकाणी केली. साधी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ. वहिनीचा स्तन वाचला. बायोप्सी पॉझिटिव्ह आली असती तर आम्ही ते ऑपरेशनही मानलं असतं. पण ते माहिती असताना मानलं असतं.

दुसऱ्या बाजूला डाग निघाला तरी हाच नियम. अमेरिकेतल्या ९६९ बायकांच्या २००७ सालच्या अभ्यासात, मॅमोग्राफीत स्वच्छ असलेल्या दुसऱ्या बाजूला एमआरआयने ३ टक्के जणींत कॅन्सर पकडला. त्यासाठी केलेल्या दर चार बायोप्सींपैकी तीन साध्या निघाल्या. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून ठरवायचंय.

नवीन बायोप्सीसाठी आठवडा-दीड आठवडा जातो. तयारीत दोन-तीन आठवडे गेले म्हणून सुरुवातीच्या स्टेजचा आजार हाताबाहेर जात नाही. पण एमआरआयचाच नंबर दीड महिन्यावर मिळत असेल, तर तो आणखी कुठे करता येईल किंवा त्याशिवाय पुढे जाता येईल का, हे सर्जनना स्पष्ट विचारा. काही ठिकाणी कॉन्ट्रास्ट देऊन केलेली मॅमोग्राफीही मिळते. ती लवकर होते आणि साधारण तेच सांगते. फक्त तिचं कॉन्ट्रास्ट आयोडीनचं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी

एमआरआयची सीडी भरती होताना बरोबर न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. गाठ हाताला लागत नसेल तर सकाळी सोनोग्राफीखाली बारीक तार घालून जागा दाखवतात. ती तार कुठल्या डागासाठी घातली ते त्यांच्याकडून ऐकून घ्या. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी काढलेल्या भागाचा रिपोर्ट येतो. त्यात 'मार्जिन', म्हणजे कड, हा शब्द शोधा. आक्रमक (इनव्हेजिव्ह, म्हणजे आजूबाजूच्या भागात शिरलेल्या) कॅन्सरमध्ये काढलेल्या भागाच्या शाई लावलेल्या कडेवर कॅन्सरची पेशी नसेल तर कड स्वच्छ धरतात. २०१४ पासून हाच नियम मानतात.

एमआरआय स्वच्छ होता म्हणून रेडिएशन टाळता येईल का, हेही हल्ली बायका विचारतात. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या, अगदी लहान एकट्या गाठीच्या २०१ निवडक बायकांना एमआरआयच्या आधारे रेडिएशन दिलं नाही आणि पाच वर्षांत फक्त १ टक्का जणींमध्ये त्याच बाजूला आजार परतला. उमेद वाटावी असं आहे, पण अजून तो रोजच्या उपचाराचा भाग झालेला नाही. वहिनीने रेडिएशनच्या सगळ्या बैठका पूर्ण केल्या, आणि एमआरआयची सीडी आजही तिच्या कपाटात, लाल फाइलमध्ये, पहिल्या पाकिटात आहे. पुढच्या कुठल्याही तपासणीत डॉक्टर आधी तीच मागतात.